देव न मानणाऱ्या मुलाला मुलगी द्यावी का?

पत्र : आम्ही कराड तालुक्यातील शेतकरी कुटुंब. माझे यजमान कितीतरी वर्षांपासून माळकरी आहेत आणि आषाढीची वारी त्यांनी कधी चुकवलेली नाही. आमची धाकटी मुलगी पुण्यात नोकरी करते. तिने स्वतः एक मुलगा पसंत केला आहे. मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, चांगल्या नोकरीत आहे; घरचे लोक साधे आणि देवभोळे आहेत. बैठकीत माझ्या दिरांनी त्याला सहज विचारले, "देवाधर्माचे काय?" तो म्हणाला, "मी देव मानत नाही. तुमच्याबरोबर देवळात येईन, पण मी हात जोडले तर ते खोटे ठरतील." बैठक तिथेच मोडली. यजमान म्हणतात, ज्याला देवाचे भय नाही त्याला कशाचेच भय नाही. उद्या त्याने मुलीला टाकले तर कोणत्या तोंडाने जाब विचारायचा? मुलगी स्वतः एकादशी करते, हरिपाठ म्हणते, तरी त्याच्याबद्दल ठाम आहे. एकदा जेवताना वाद झाला तेव्हा ती वडिलांना म्हणाली, "दिंडीतल्या काकांना देवाचे भय नव्हते का?" हे काका म्हणजे यजमानांचे जुने सोबती आणि गावच्या पतसंस्थेचे पदाधिकारी. दोन वर्षांपूर्वी संस्थेतील अफरातफर उघड झाली आणि गावाच्या ठेवी अडकल्या. माझ्या नावावरची ठेवही त्यात आहे. त्या जेवणापासून बापलेकीचे बोलणे बंद आहे. जाऊबाई म्हणतात, मुलाला समजावा, चारचौघांत देव मानतो एवढे म्हणू दे, प्रश्न मिटेल. मला मात्र खरेच कळेनासे झाले आहे. माणूस नीट वागतो तो देवामुळे की स्वभावामुळे? आणि घरात मी काय बोलू?

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे शेवटचे दोन प्रश्न सावकाश उत्तर देण्याजोगे आहेत. पण त्याआधी जाऊबाईंच्या सूचनेबद्दल लिहिते, कारण ती अमलात यायला वेळ लागणार नाही आणि एकदा अमलात आली की झालेले नुकसान भरून निघणार नाही. मुलाला चारचौघांत खोटे बोलायला लावू नका. त्या बैठकीत त्याच्यापुढे काय होते ते आठवून पाहा. ज्या मुलीशी त्याला लग्न करायचे आहे तिचे वडील, काका आणि भावकीतली मोठी माणसे समोर बसलेली होती. "हो, मानतो की" एवढे जरी तो म्हणाला असता तरी त्याच दिवशी सुपारी फुटली असती. त्याचे खोटे पकडण्याचे कोणतेही साधन तुमच्यापैकी कोणाकडे नव्हते आणि पुढेही आले नसते, कारण माणसाच्या मनात देव आहे की नाही हे बाहेरून तपासता येत नाही. तरीही त्याने स्वतःचे नुकसान करणारे खरे उत्तर दिले, आणि ते देताना तुमच्या देवळाचा अवमान होणार नाही याचीही काळजी घेतली. तुम्ही सगळे माणसाची पारख करायला जमला होता. त्या दिवशी त्याच्याबद्दल जी सर्वांत भरवशाची गोष्ट कळली, तिच्यावरूनच बैठक मोडली. आता त्याला खोटे बोलायला शिकवून घरात घेतलेत, तर पुढे तो कोणत्या गोष्टीत खरे बोलतो आहे याचा अंदाज बांधण्याचा तुमचा एकमेव आधारही जाईल.

यजमानांच्या भयाकडे मात्र मी हलकेपणाने पाहत नाही. ते भय गावंढळपणाचे नाही, आणि ते फक्त माळकऱ्यांचेही नाही. २०१७ साली १३ देशांतील लोकांवर केलेला एक मानसशास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतही होता, तसेच चीन, संयुक्त अरब अमिराती आणि फिनलंडही होते. एखाद्या क्रूर गुन्हेगाराचे वर्णन वाचल्यावर तो देव मानणारा असेल की न मानणारा असेल, याबद्दल लोकांचा मनातला कल काय आहे हे त्यात तपासले होते. बहुतेक देशांत लोकांचा कल त्याला नास्तिक समजण्याकडे होता, आणि नवल म्हणजे जे स्वतः नास्तिक होते त्यांच्यातही हा कल दिसला. म्हणजे जी शंका तुमच्या यजमानांना आली ती जगभरच्या माणसांना आपोआप येते. ती आली म्हणून कोणी कोत्या मनाचे ठरत नाही. परंतु ती आपोआप येते एवढ्यावरून ती खरीही ठरत नाही, आणि मुलीच्या आयुष्याचा निर्णय तिच्यावर सोपवावा की नाही हे पाहावे लागते.

श्रद्धेने माणूस सुधारत नाही असे जे म्हणतात त्यांनी माळ घालणारा माणूस काय कबूल करतो ते एकदा नीट पाहावे. मांस आणि मद्य सोडायचे, एकादशी पाळायची, रोज हरिपाठ म्हणायचा, वर्षातून वारी करायची, परस्त्रीला मातेसमान मानायचे, खोटे बोलायचे नाही. या नियमांचे बळ असे की ते रोज पाळायचे असतात आणि सगळ्यांच्या देखत पाळायचे असतात. गळ्यातली माळ त्या माणसाला आठवण देते, आणि ती गावाला दिसत असल्यामुळे गावही त्याला आठवण देत राहते. दारूने उठत चाललेली किती घरे एका माळेने सावरली हे पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावातल्या बायकांना विचारावे. दिंडीत वय, जमीन, हुद्दा बाजूला ठेवून समोरच्याला 'माउली' म्हणत त्याच्या पायाशी वाकायचे, वर्गणीची भिशी भरून सर्वांबरोबर एकाच पंगतीत जेवायचे, पावसात एकाच तंबूत आडवे व्हायचे; हे तीन आठवडे दरवर्षी जगणाऱ्या माणसाच्या वागण्यावर त्याचा काहीच ठसा उमटत नाही असे मी म्हणणार नाही. तुमच्या यजमानांनी इतकी वर्षे जे केले त्याने ते घडलेले आहेत. हे त्यांना घरातून कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे आहे, असे तुमचे पत्र वाचताना मला सारखे वाटत होते.

मात्र हे बळ कसे काम करते तेही पाहिले पाहिजे. मोरोक्कोमधील मराकेश शहराच्या जुन्या बाजारात दुकानदारांवर एक प्रयोग झाला होता, त्याचा निबंध २०१५ साली प्रसिद्ध झाला. दुकानदारांना थोडी रक्कम देऊ केली आणि ती स्वतःकडे ठेवायची की दानाला द्यायची हे त्यांच्यावर सोडले. मशिदीतून अजान ऐकू येत असताना त्यांचा कल दानाकडे अधिक होता. अजान संपल्यानंतरच्या वेळांत तो तितका राहत नव्हता. दुकानदार तेच, श्रद्धाही तीच, फरक फक्त आठवण कानांवर पडण्याचा. श्रद्धा मनात आहे एवढ्याने भागत नाही. हिशेबाच्या वहीसमोर बसताना ती आठवावी लागते, आणि नेमकी त्याच वेळी ती विसरण्यात माणसाचा फायदा असतो.

इथे तुमच्या मुलीच्या प्रश्नाकडे यावे लागते. तुमच्या गावच्या संस्थेत काय घडले ते मला माहीत नाही, आणि त्या गृहस्थांचा दोष किती हे चौकशीने ठरेल. परंतु पतसंस्था बुडतात त्या साधारण कोणत्या वाटेने बुडतात हे सहकारात वावरणाऱ्या सर्वांना ठाऊक असते. ओळखीच्या माणसाला पुरेसे तारण न घेता कर्ज दिले जाते, ते थकते, मार्चअखेरीला थकबाकी दिसू नये म्हणून नव्या कर्जाने जुने फेडल्याचे दाखवून नवे-जुने केले जाते, पुढच्या वर्षी ते पुन्हा होते, आणि मग कधीतरी नात्यागोत्यातल्या नावांवर अशी कर्जे निघतात ज्यांचा पैसा भलतीकडेच गेलेला असतो. पहिल्या वर्षी हे करणाऱ्याला आपण चोरी करतो आहोत असे वाटत नाही. वेळ मारून नेतो आहोत असे वाटते. या सगळ्याला अडवण्यासाठी दरवर्षी लेखापरीक्षण असते, सर्वसाधारण सभा असते, आणि प्रत्येक सभासदाला अहवाल मागण्याचा अधिकार असतो. पतसंस्थेतील ठेवीला बँकेतील ठेवीसारखे पाच लाखांपर्यंतचे विम्याचे संरक्षण नसते, त्यामुळे तिथे तर सभासदांची नजर हेच मुख्य संरक्षण. आणि नेमकी तीच नजर गावोगाव खाली वळते, कारण "माळकरी माणूस आहे, त्याला काय विचारायचे?"

मला यात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे. त्या गृहस्थांची श्रद्धा ढोंगी होती असे धरून चालण्याचे कारण नाही. ते कदाचित मनापासून वारी करत असतील. परंतु त्यांच्या श्रद्धेमुळे गावाने त्यांना प्रश्न विचारणे सोडून दिले. जी माळ त्यांच्यावर बंधन म्हणून होती, तिचा उपयोग इतरांनी त्यांना बंधनातून मोकळे करण्यासाठी केला. असा मोकळा सोडलेला माणूस किती दिवस सरळ राहील हे सांगणे कठीण आहे, मग तो माळकरी असो की नास्तिक. सत्तेवरच्या नास्तिकांनीही आपल्या विचारनिष्ठेच्या आड असेच अनर्थ केले आहेत. सोव्हिएत रशियात स्टालिनच्या राजवटीत जे झाले ते करणाऱ्यांना देवाचे भय नव्हते आणि जाब विचारणाराही कोणी उरला नव्हता. मुलगा देव मानत नाही म्हणून तो अधिक प्रामाणिक असेल, असे तुमच्या मुलीने मनात धरले असेल तर तीही तीच चूक करते आहे.

मग श्रद्धावान आणि अश्रद्ध यांच्या रोजच्या वागण्यात फरक पडतो का? २०१४ साली अमेरिका आणि कॅनडातील १,२५२ प्रौढांच्या रोजच्या वागण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तीन दिवस, दिवसातून काही वेळा, त्यांच्या फोनवर विचारणा होत असे, की गेल्या तासाभरात तुम्ही काही चांगले किंवा वाईट कृत्य केले का, पाहिले का, तुमच्या वाट्याला आले का. धार्मिक आणि अधार्मिक लोकांनी केलेल्या चांगल्या-वाईट कृत्यांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. लोकांनी स्वतःच दिलेली माहिती होती, तेव्हा तिच्यावर किती भार टाकायचा याला मर्यादा आहे. तरी त्यात आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती तुमच्या यजमानांच्या बाजूची आहे: चुकीचे वागल्यावर धार्मिक माणसांना अपराधीपणा अधिक तीव्रतेने जाणवत होता आणि चांगले वागल्यावर अभिमान आणि कृतज्ञताही अधिक वाटत होती. ज्याला टोचणी लागते त्याला वळण्याची संधी अधिक मिळते, असे मला वाटते; पण टोचणी लागली आणि माणूस वळला, यांत अंतर असते.

याहून जुना आणि मनाला अधिक लागणारा एक प्रयोग आहे. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील धर्मशिक्षणसंस्थेत धर्मोपदेशक होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी घेतले होते. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन एक छोटे भाषण करायचे होते. काहींच्या भाषणाचा विषय होता येशूने सांगितलेली ती गोष्ट, ज्यात रस्त्यात जखमी पडलेल्या माणसाला धर्माधिकारी ओलांडून जातात आणि परक्या जमातीचा एक वाटसरू त्याची शुश्रूषा करतो. वाटेत एका दारापाशी खोकत, कण्हत बसलेला माणूस मुद्दाम ठेवला होता. ज्यांना घाई नव्हती त्यांच्यापैकी ६३ टक्के विद्यार्थी मदतीला थांबले. ज्यांना उशीर झाल्याचे सांगितले होते त्यांच्यापैकी १० टक्केच थांबले. तीच गोष्ट सांगायला निघालेले विद्यार्थी इतर विषयावर बोलायला निघालेल्यांपेक्षा ठळकपणे अधिक थांबले, असे काही दिसले नाही. यावरून धर्म निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, कारण हा प्रयोग स्वभावावर विसंबणाऱ्यांनाही तितकाच अडचणीत टाकतो: एरवी दयाळू असलेली माणसेही उशीर झाला एवढ्या कारणाने दयेला ओलांडून पुढे जातात.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे, की देव मानणे किंवा न मानणे यावरून माणसाच्या वागण्याची खात्री देता येत नाही, आणि 'स्वभाव चांगला आहे' या शब्दांवरही ती देता येत नाही. जिथे आपल्याला जाब विचारणारा कोणी नाही तिथेही आपण उत्तरदायी आहोत, असे वागण्याची सवय ज्याने स्वतःला लावून घेतली आहे तो माणूस टिकतो. आणि तोही टिकतो ते आजूबाजूची माणसे त्याला वेळोवेळी विचारत राहतात म्हणून. ही सवय लावण्याचा सर्वांत जुना आणि सर्वांत अधिक माणसांना पेलणारा मार्ग श्रद्धेचा आहे, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण तो एकच मार्ग नाही, आणि याचा पुरावा तुमच्याच तालुक्यात आहे.

गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म १८५६ साली कराडजवळच्या टेंभू गावचा. देवाच्या अस्तित्वाबद्दल आपल्याला काही सांगता येत नाही, असे म्हणणारा हा माणूस. उच्च शिक्षण झाल्यावर मोठ्या पगाराची नोकरी मिळण्याजोगी असताना त्यांनी आईला लिहून कळवले, की पोटापुरत्या पैशावर समाधान मानून मी माझा वेळ लोकांच्या हितासाठी घालवणार आहे. आणि मृत्यूपर्यंत, म्हणजे १८९५ पर्यंत, दम्याने शरीर पोखरलेले असतानाही, तसेच जगले. शाळा-कॉलेज काढले, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, विधवांच्या आणि मुलींच्या शिक्षणाच्या बाजूने लिहीत राहिले, आणि त्याबद्दल पुण्यातल्या सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. ज्याला परलोकातल्या फळाची आशा नाही आणि इहलोकात निंदा मिळते आहे, तो माणूस कशाच्या बळावर सरळ राहिला? जे बरोबर वाटते त्याचे उत्तर आपल्याला स्वतःला द्यायचे आहे, या जाणिवेच्या बळावर, असेच म्हणावे लागते. त्यांच्याच काळातले न्यायमूर्ती रानडे प्रार्थनासमाजाचे, ईश्वरावर नितांत श्रद्धा असलेले. सुधारणेच्या कामात हे दोघे एकाच बाजूला उभे होते. आगरकरांच्या पत्नी यशोदाबाई श्रद्धाळू होत्या आणि त्यांच्या व्रतवैकल्यांना पतीने अटकाव केला नाही. तुमच्या मुलीने एकादशी करणारी पत्नी व्हायचे आणि त्या मुलाने देव न मानणारा पती राहायचे, तर हा संसार महाराष्ट्रात पहिला ठरणार नाही.

यजमानांना आगरकर परके वाटत असतील तर त्यांना सेवाग्रामची एक हकीकत सांगा. आंध्रातील गोरा या नावाने ओळखले जाणारे गृहस्थ उघडपणे नास्तिक होते आणि अस्पृश्यता मोडण्याच्या कामात गुंतलेले होते. गांधीजींचे आणि त्यांचे देवाबद्दल कधी जुळले नाही. रोजची प्रार्थना न चुकवणारे गांधीजी आणि प्रार्थना न करणारे गोरा. गोरांनी आपल्या मुलीचे लग्न एका दलित तरुणाशी करायचे ठरवले तेव्हा ते सेवाग्रामला व्हावे असे गांधीजींनी सुचवले, आणि विधीमध्ये ईश्वराच्या नावाऐवजी सत्याचे नाव घेण्यास मान्यता दिली. जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. त्याच वर्षी ते लग्न सेवाग्रामला झाले. आयुष्यभर रामनाम घेतलेल्या माणसाला नास्तिक बापाच्या शब्दावर विश्वास ठेवता आला, कारण त्याने गोरांची श्रद्धा तपासली नाही, त्यांचे काम तपासले. आपला कायदाही हेच धरून चालतो: १९६९ च्या शपथ कायद्यानुसार साक्षीदार देवाची शपथ घेऊ शकतो किंवा नुसती प्रतिज्ञा करू शकतो, आणि खोटी साक्ष दिल्यास शिक्षा दोघांना सारखीच असते.

आता तो मुलगा. तो कसा आहे हे मला माहीत नाही आणि एका खऱ्या उत्तरावरून मी त्याची हमी देणार नाही. त्या उत्तराने त्याला पुन्हा भेटण्याइतका हक्क मिळवून दिला आहे, एवढेच मी म्हणते. पुन्हा भेटाल तेव्हा देवाचा विषय बाजूला ठेवा आणि ज्यांना तो काही लागत नाही त्यांच्याशी कसा वागतो ते पाहा: सोसायटीचा वॉचमन, घरकामाच्या मावशी, हाताखालचा नवा मुलगा. घरच्या म्हाताऱ्या माणसाचे आजारपण त्याने किती काढले, याची चौकशी त्याच्या शेजाऱ्यांकडे करा. कुंडलीपेक्षा हे अधिक सांगते. उसने घेतलेले पैसे मागायला लागतात की आपणहून परत येतात, हे त्याच्या मित्रांना ठाऊक असेल. चूक झाली तर कबूल करतो का, आणि कबूल केल्यावर पुढे काय करतो, हे तुमच्या मुलीला ठाऊक असले पाहिजे. नसेल, तर तिने अजून त्याला पुरेसे ओळखलेले नाही. मुलीच्या अंगावर किती तोळे घालणार, लग्नाचा खर्च कोणी करायचा, यावर तो आणि त्याच्या घरचे काय म्हणतात ते पाहा. देवघरात रोज समई लावणाऱ्या घरांतूनही हुंडा मागितला जातो, आणि पुरोगामी म्हणवणाऱ्या घरांतूनही तो 'तुमच्या हौसेने द्या' या नावाखाली मागितला जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

मुलीसाठी काही प्रश्न वेगळे आहेत आणि ते लग्नाआधीच विचारलेले बरे. ती हरिपाठ म्हणत असताना तो गप्प बसेल, की दर वेळी वाद घालेल? तिच्या श्रद्धेबद्दल तो मित्रांत थट्टेने बोलतो का? घरात देवघर असेल का? त्याचे आईवडील देवभोळे आहेत, तेव्हा त्यांच्यानंतर कुलाचार कोणी करायचा. सगळा भार सुनेवर येणार की तो शेजारी उभा राहून सामान आणून देणार? मुले झाली तर त्यांना काय शिकवायचे? देव न मानणे हा त्याचा अधिकार आहे, पण काही माणसांना न मानण्याचाही ताठा असतो आणि तो बायकोच्या वाट्याला रोज थोडा थोडा येतो. बैठकीत त्याने दाखवलेला आदर पाहुण्यांपुरता होता की नेहमीचा आहे, याचे उत्तर तुमच्या मुलीकडूनच मिळेल.

लग्नाच्या विधीचा प्रश्नही येईल. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे झाल्यास ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते, तीन साक्षीदार लागतात आणि वधूवरांना देवाचे नाव न घेता एकमेकांना स्वीकारल्याचे सांगता येते. सत्यशोधक पद्धतीचा पर्यायही तुमच्या जिल्ह्याला नवा नाही. जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यातलेच, आणि १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केल्यावर सुरू झालेल्या या विवाहात वधूवर एकमेकांना वचने देतात. फुले निर्मिकाला, म्हणजे सृष्टी घडवणाऱ्या ईश्वराला, मानणारे होते, त्यामुळे यजमानांनाही ही वाट अगदीच परकी वाटू नये. आणि मुलगी म्हणाली, की मला अंतरपाट आणि मंगलाष्टकेच हवीत, तर तिच्यासाठी तिथे उभे राहणे त्या मुलाला खोटेपणाचे वाटते की प्रेमाचे, हे त्याला मोकळेपणाने विचारा.

राहिले घरात काय बोलायचे ते. माझ्या समजुतीप्रमाणे तुमचे यजमान त्या मुलावर जितके रागावले आहेत त्याहून अधिक ते आपल्या सोबत्यामुळे दुखावले आहेत. ज्याच्याबरोबर इतक्या वाऱ्या चालल्या, त्याने गावाचा विश्वास मोडला, आणि त्याबद्दल घरात कोणी बोलत नव्हते. मग मुलीने ते भर जेवणात बोलून दाखवले, आणि त्यांना वाटले असेल की आपल्या माळेवरच बोट ठेवले जाते आहे. मुलीला सांगा, की प्रश्नाची माफी मागू नकोस, प्रश्न योग्य होता. पण तो ज्या वेळी आणि ज्या स्वरात विचारलास त्याची माफी माग, आणि 'दादा, तुमच्यावर मला शंका नाही' हे शब्द तोंडाने उच्चार. यजमानांना सांगा, की सोबत्याच्या वागण्याने वारी खोटी पडत नाही. पुण्य म्हणजे परोपकार आणि पाप म्हणजे परपीडा, याला दुसरी जोड नाही, हे तुकोबांचे म्हणणे ते रोज गातात. त्या मापाने सोबत्यालाही मोजता येते आणि होणाऱ्या जावयालाही, आणि ते मोजल्याने त्यांच्या भक्तीला कुठेही उणेपणा येत नाही.

त्यांनी विचारले आहे, की या मुलाला जाब कोणत्या तोंडाने विचारायचा. हा प्रश्न त्यांनी आधी तिकडे विचारायला हवा जिथे तो दोन वर्षे विचारायचा राहिला आहे. ठेवीदार एकत्र येऊन तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे चौकशीच्या प्रगतीची आणि लेखापरीक्षण अहवालाच्या प्रतीची लेखी मागणी करू शकतात. संस्थेच्या पुढच्या सभेत उभे राहून तीच मागणी करता येते. सोबत्याच्या घरी जाऊन, त्याच्यासमोर बसून, 'झाले ते काय झाले' हेही विचारता येते, आणि जुन्या स्नेहाखातर तेच आधी करावे असे मला वाटते. अर्ज होईल तेव्हा त्यावर तुमचीही सही असू द्या, कारण ठेवपावती तुमच्या नावाची आहे.